मेलेले अण्णा परत आले त्याची गोष्ट

आमचं श्रीपूर म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं, माळशिरस तालुक्यातलं साखर कारखान्याचं गाव. चहूकडे ऊस. समुद्र कुठल्या कुठे! पण 2016 साली आमच्या गल्लीत कुणी पिशवी विसरलं, चावी विसरलं की पोरं एका सुरात ओरडायची, ‘इसरलंय!’

हे मालवणी आमच्याकडे कुठून आलं, ते तुम्हाला सांगायला नकोच. झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’मधला पांडू. ती भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकी एक होते, हे कळलं तेव्हा मी चाटच पडले होते. तेव्हा मी पुण्यात मास कॉमच्या पहिल्या वर्षाला होते आणि आमच्या रूमवर टीव्ही नव्हता. आई श्रीपूरला रात्री साडेदहाला सगळं आवरून मालिका लावायची आणि मी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तुकडे बघायचे. दोघींची मालिका एकच, पण आम्ही बघत होतो ते वेगळंच काहीतरी. कसं, ते बघा.

पहिलं पर्व फेब्रुवारी ते ऑक्टोबर 2016 या काळात झालं. गोष्टीची सुरुवातच मुळी अण्णा नाईकांच्या मृत्यूने. वाड्यात जमलेली भावंडं, जमिनीची भानगड, रात्री कुणीतरी फिरतंय... सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या त्या वाड्यात शूटिंग व्हायचं आणि पुढे तो वाडा बघायला पर्यटक जाऊ लागले. मालिका अंधश्रद्धा पसरवते, कोकणाला बदनाम करते, असे आरोपही झाले. थोडक्यात, अण्णा कथेतून गेलेले गृहस्थ होते.

जानेवारी 2019 मध्ये दुसरं पर्व आलं आणि काळाचा काटा मागे फिरला. अण्णा जिवंत! माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता. मीम्समुळे हे पर्व आलं असा दावा मी करणार नाही. यशस्वी मालिकेचा पुढचा भाग चॅनल काढतंच. पण पर्व आल्यावर त्याचं काय झालं, ते मात्र मोबाइलवाल्यांनी ठरवलं.

लेखकांनी लिहिलेले अण्णा खलनायक होते. बाईलवेडे, खुनशी, बायकोला, म्हणजे बिचाऱ्या माईंना, पायाखाली ठेवणारे. आई त्यांना रोज शिव्या घालायची. आमच्या ग्रुपवरचे अण्णा मात्र एकदम ‘बॉस’ होते! अप्रेझलला मॅनेजरशी कसं बोलावं, तर अण्णांसारखं. सोमवारी सकाळी चेहरा कसा असतो, तर अण्णांसारखा. असं का झालं असेल? मला वाटतं, उत्तर साधं आहे. मीम म्हणजे तीन सेकंदांचा तुकडा. त्यात मिशी येते, नजर येते, ‘शेवंते...’ ही हाक येते. आदल्या एपिसोडमधला खून येत नाही. अख्खी मालिका बघणाऱ्याला अण्णांची भीती वाटते, तुकडे बघणाऱ्याला त्यांची गंमत वाटते. 2021 साली तिसरं पर्व आलं तेव्हा अण्णा आणि शेवंता भुताच्या रूपात वाड्यावर हजर होते. दोघंही मेलेले, पण त्यांच्याशिवाय मालिकेचं पान हलेना.

हे काही फक्त आपल्याकडचं वेड नाही. अमेरिकेत 1968 साली ‘स्टार ट्रेक’ बंद पडणार अशी कुणकुण लागल्यावर चाहत्यांनी चॅनलवर पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन मिळवला. इंटरनेट सोडा, झेरॉक्ससुद्धा सहज मिळत नसण्याच्या काळात! हिंदीतली ‘साराभाई वर्सेस साराभाई’ 2004 ते 2006 चालली, तेव्हा टीआरपीत मागेच होती. नंतर रिपीट एपिसोड आणि ऑनलाइन क्लिप्सवर नवी पिढी तिच्या प्रेमात पडली आणि 2017 मध्ये ती थेट हॉटस्टारवर परत आली. तोच नटसंच, पण मजा थोडी कमी. (हे माझं मत. रोसेशच्या भक्तांनी रागावू नये.)

‘दिल दोस्ती दुनियादारी’चं तर आपल्यापैकी कित्येकांना अजून दुखतं. 2015 मध्ये सुरू झालेली ही मालिका ‘माजघर’ नावाच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहणाऱ्या सहा जणांची. पीजीत राहून डबा खाणाऱ्या प्रत्येकाला ती आपली वाटली. फेब्रुवारी 2016 मध्ये ती संपली. वर्षभराने ‘दिल दोस्ती दोबारा’ आली, कलाकार तेच, पण पात्रं नवी. चाहत्यांना अमेय वाघ हवा होताच, पण त्याच्यापेक्षा जास्त कैवल्य हवा होता. ते काही जुळलं नाही.

यातली खरी गोम आकड्यांत आहे. टीव्हीचा टीआरपी मोजायचं काम 2015 पासून बार्क करते. निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर लावतात आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधतात. म्हणजे मीटरवाल्या घरातल्या काकू सीरियल लावून भाजी निवडत बसल्या, तरी त्या मोजल्या जातात. तुम्ही लोकलमध्ये तीच क्लिप दहा वेळा बघून चाळीस जणांना पाठवलीत, तरी त्या मीटरला तुमचा पत्ता नसतो. मालिका चालू राहणार की नाही, ते काकूंच्या टीव्हीवर ठरतं. दहा वर्षांनी ती लोकांच्या तोंडी राहील का, ते तुमच्या फोनवर.

आता जरा नको असलेली गोष्ट. 2019 च्या दिवाळीत मी ज्या ऑफिसात होते, तिथे ट्रॅडिशनल डे होता. एक मैत्रीण छान काठपदराची साडी नेसून, गजरा माळून आली. अर्ध्या तासात ऑफिसच्या ग्रुपवर तिचा फोटो आणि खाली ‘शेवंता’. लोळून हसायच्या स्मायल्यांची रांग लागली. त्यात एक माझीही होती. मालिकेत शेवंता कोण आहे आणि एखाद्या मुलीला त्या नावाने हाक मारली की काय म्हणायचं असतं, हे सगळ्यांना नीट माहीत होतं. मैत्रीण काही बोलली नाही. संध्याकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडली. पुढच्या वर्षी ट्रॅडिशनल डे झालाच नाही, लॉकडाऊन होता. त्यामुळे ती काय घालून आली असती, ते कळलं नाही.

अण्णा झालेल्या मुलाला कुणी असं घालूनपाडून बोललेलं मी पाहिलं नाही. उलट मिशा पिळून फोटो काढायला पोरं रांगेत उभी! अण्णा झालं की रुबाब वाढतो, शेवंता झालं की कमेंट्स वाढतात. ती भूमिका जीव ओतून करणाऱ्या अपूर्वाला पुढे 2022 च्या ‘बिग बॉस मराठी’तही लोक शेवंता म्हणूनच ओळखत होते. ती तिथे उपविजेती ठरली, तरीही.

मी त्या मैत्रिणीला सॉरी म्हटलं, पण खूप उशिरा, 2021 मध्ये, तिसऱ्या पर्वाचा प्रोमो बघताना. तिचा रिप्लाय आला, ‘अगं, मी तर एकही एपिसोड बघितला नव्हता. नंतर शोधून बघितले, मला नेमकं काय म्हणाले ते कळायला.’

आईला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘त्या अण्णाला चांगला म्हणणाऱ्यांनी आधी माईकडं बघावं.’ आणि साडेदहा वाजले म्हणून फोन ठेवला.