डाळ निवडणारा डोळा

किराणा दुकानातल्या तांदळाच्या किंवा तूरडाळीच्या पोत्यावर 'सॉर्टेक्स' हा शब्द आपण पाहिला असेल. ही धान्याची जात नव्हे. दाणे रंगावरून निवडणारी यंत्रे बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचे ते नाव. आपल्याकडे ते इतके रुळले, की कुठल्याही यंत्रातून निघालेला माल 'सॉर्टेक्स' म्हणूनच विकला जातो. सूप घेऊन बसलेली आजी जे काम करते, तेच हे यंत्र तासाला काही टन या वेगाने करते. आजी दाणा पाहते. यंत्र काय करते?

यंत्रात डाळ वरून एका उतरत्या पन्हाळीतून घसरत येते आणि पातळ पडद्यासारखी खाली पडते. त्या पडद्यावर दिव्यांचा झोत असतो आणि समोर कॅमेरा. या कॅमेऱ्यात प्रकाशसंवेदी कप्प्यांची एकच ओळ असते. समजा, पन्हाळ ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि ओळीत २०४८ कप्पे आहेत. मग एका कप्प्याच्या वाट्याला साधारण ०.१५ मिलिमीटर जागा येते. म्हणजे चार मिलिमीटरच्या डाळीवर सव्वीस-सत्तावीस कप्प्यांची नजर असते.

कप्पे सिलिकॉनचे असतात. सिलिकॉनवर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात; प्रकाश जितका जास्त, तितके इलेक्ट्रॉन जास्त. प्रश्न असतो तो दोन हजार कप्प्यांतला हा विद्युतभार मोजायचा कसा. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी यावर एक युक्ती काढली. (ते खरे तर संगणकाच्या स्मृतीसाठी काही नवे शोधत होते!) स्लॅब घालताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसा एका कप्प्यातला भार शेजारच्या कप्प्यात, तिथून पुढच्यात असा सरकत जातो आणि टोकाला एकामागून एक मोजला जातो. हीच सीसीडी. तिच्यासाठी २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात दोघांना वाटा मिळाला. आता बऱ्याच ठिकाणी सीमॉस प्रकारचे संवेदक आले आहेत. त्यांत प्रत्येक कप्प्याजवळच भाराचे विद्युतदाबात रूपांतर होते, घमेली पुढे द्यावी लागत नाहीत.

मोजलेल्या भाराचा आकडा होतो, बहुधा ० ते २५५ मधला. ० म्हणजे काळोख, २५५ म्हणजे लख्ख उजेड. यंत्राला डाळ दिसत नाही, दिसतात ते आकडे. समजा, चांगल्या डाळीचा आकडा १८० च्या आसपास येतो आणि डागी दाण्याचा ९०. मग १३० वर रेषा आखायची आणि त्याखालचे सारे बाद करायचे. पण दोन दाण्यांमधल्या मोकळ्या जागेचे काय? ती काळी दिसली तर यंत्र तिलाही डाग समजेल. म्हणून मागे एक पट्टी ठेवून तिचा उजेड चांगल्या दाण्याइतकाच जुळवतात. आम्हाला या यंत्रातली सर्वांत सुंदर कल्पना हीच वाटते.

दाणा सेकंदाला तीन मीटर वेगाने पडत असेल, तर सहा सेंटिमीटर खालच्या हवेच्या तोटीपर्यंत पोहोचायला त्याला एक पन्नासांश सेकंद लागतो. तेवढ्यात निर्णय व्हायचा, झडप उघडायची आणि हवेच्या फटकाऱ्याने नेमका तोच दाणा बाजूला उडायचा. शेजारचे एक-दोन चांगले दाणेही बिचारे सोबत जातात. म्हणूनच बाद माल पुन्हा एकदा यंत्रातून काढतात.

रेषा कुठे आखायची हे मात्र माणूस ठरवतो. ती वर नेली तर चांगली डाळ वाया जाते, ते गिरणीवाल्याचे नुकसान. खाली आणली तर डागी दाणे ताटात येतात, ते आपले.

दिव्याचा रंगही महत्त्वाचा. वर्गात मूगडाळ आणि मसूरडाळ मिसळून आधी लाल व मग हिरव्या जिलेटिन कागदातून पाहायला सांगावे. लालमधून दोन्ही जवळपास सारख्या उजळ दिसतात, हिरव्यातून मसूर काळसर दिसते. पांढरा खडा आणि तांदूळ यांत मात्र असा कुठलाच दृश्य रंग फारसा उपयोगी पडत नाही. तिथे अवरक्त किरण वापरतात, कारण त्यात दोघे वेगळे उठून दिसतात. सिलिकॉनची दृष्टी सुमारे ११०० नॅनोमीटरपाशी संपते, त्यामुळे त्यापुढे इंडियम, गॅलियम व आर्सेनिक यांच्या संयुगाचे महागडे संवेदक लागतात.

बाटलीतल्या औषधाची पातळी, गोळ्यांच्या पाकिटातला रिकामा खळगा, वाकडे बसलेले झाकण या साऱ्यांची तपासणी याच तत्त्वावर होते.

मात्र 'सॉर्टेक्स' म्हणजे शुद्ध, असे ग्राहक समजतात ते बरोबर नाही. मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाने पिवळीधमक केलेली तूरडाळ यंत्राच्या लेखी उत्तम डाळच असते. तिच्यासाठी परीक्षानळी हवी. थोडी डाळ कोमट पाण्यात हलवावी, रंगीत पाणी वेगळे काढावे आणि त्यात शिक्षकांनी स्वतः, जपून, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. मेटॅनिल यलो असेल तर पाणी गुलाबी-जांभळे होते.