दप्तरातली मिरची आणि कायद्याचं पुस्तक

आळेफाट्याजवळच्या पिंपळवंडीतून उसाच्या कडेकडेनं शाळेला निघालेली 16 वर्षांची मुलगी. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात पेपर स्प्रेची मुठीएवढी बाटली. ती बाळगणं गुन्हा आहे का?

उत्तरासाठी 1959 चा शस्त्र कायदा उघडावा, तर थक्क व्हायला होतं. अग्निशस्त्र म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते. पण कायद्याच्या व्याख्येत अपायकारक द्रव किंवा वायू सोडण्यासाठी बनवलेलं हत्यारही येतं. शिवाय 21 वर्षं पूर्ण झाल्याखेरीज अग्निशस्त्र बाळगता येत नाही. जवळजवळ अशाच शब्दांमुळे ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला पेपर स्प्रेची बंदी आहे. आपल्याकडे तो दुकानात विनापरवाना मिळतो! कायद्यात त्याचं नाव नाही आणि कुठल्या वयापासून बाळगावा, याचं वेगळं कलमही नाही. जर्मनीनं ही रेघ स्पष्ट आखली आहे: मान्यताप्राप्त फवारा 14 व्या वर्षापासून.

मग या मुलीच्या पाठीशी कोण? भारतीय न्याय संहितेचं कलम 35. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण करण्याचा हक्क ते प्रत्येक व्यक्तीला देतं. त्याला वयाची अट नाही. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. कलम 37 त्याला वेसण घालतं: इजा बचावापुरतीच. हल्लेखोर पळत सुटल्यावर मागे धावून फवारा मारला, तर तो बचाव उरत नाही. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका वादात पेपर स्प्रे वापरल्याचा खटला रद्द करायला नकार दिला आणि अमेरिकी निकालाचा आधार घेत त्याला धोकादायक हत्यार म्हटलं.

एवढं काय असतं बाटलीत? मिरचीतलं कॅप्सेसिन. साधारण 43 अंशांच्या उष्णतेला जागा होणारा आपल्या चेतातंतूंवरचा ग्राहक (रिसेप्टर) ते थेट उघडतं. डोळा भाजलेला नसतो, पण मेंदूला खबर भाजल्याचीच जाते. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस 2021 च्या नोबेलचे मानकरी. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, म्हणून नुसत्या पाण्यानं ते लवकर निघत नाही.

पिंपळवंडी ज्या जुन्नर तालुक्यात आहे, तिथल्या उसात बिबट्याही असतो आणि त्याच्यापासून बचावाचा कायदा निराळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 11 सांगतं की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूनं वन्यप्राणी जखमी झाला वा मेला, तरी तो गुन्हा नाही. बिबट्याला सर्वोच्च संरक्षण असूनही! मात्र माणसासाठी बनवलेल्या छोट्या बाटलीवर बिबट्यासमोर भिस्त ठेवू नये. उत्तर अमेरिकेत अस्वलांसाठीचे फवारे वेगळे, मोठ्या डब्यांतले असतात.

मुलीला बाटली देणार असाल, तर आधी शाळेशी बोला, वाऱ्याची दिशा पाहून फवारा मारायला शिकवा आणि हे क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्या: पोलीस 112, चाइल्डलाइन 1098, वनविभाग 1926.