वारेतली विकरं: मागे वळून पाहताना

बाळंतपणानंतर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, वारेकडे फक्त सिस्टरचं. अर्ध्या किलोची ती गडद लाल चकती ती तळहातांवर पसरते, सगळे कप्पे जागेवर आहेत ना, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे बघते आणि वार पिवळ्या पिशवीत जाते. बुलडाण्यात, खामगावात, मेहकरात, सगळीकडे हेच. नऊ महिने त्या गोळ्यात विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, केवढा कारभार चालू होता!

तो कळायला वेळ लागला. 1959 मध्ये अमेरिकेत केनेथ रायन यांनी मानवी वारेत पुरुषी संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार होतं, हे दाखवलं. पुढे स्टॉकहोमच्या एगॉन डिक्झफालुसी यांनी बाळ आणि वार मिळून काम करतात, हे मांडलं. वारेत जे विकर नाही ते बाळाकडे असतं आणि बाळाकडे नाही ते वारेत.

मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते 1993 साल. त्या वर्षी एडवर्ड्स, सेकल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक तर्क मांडला. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बाळापेक्षा बरंच जास्त असतं. वारेतलं एक विकर ते निष्प्रभ करून बाळाला जपतं. हे विकर कमी पडलं, तर बाळाची वाढ खुंटते आणि मोठेपणी रक्तदाबाचा धोका वाढतो. गाभण उंदरांना प्रथिनं कमी दिली, तेव्हा वारेतलं हे विकर घटल्याचं नंतर दिसलं.

त्याच 1993 मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. सोनोग्राफीने वारेचं आकारमान मोजलं गेलं. आईचं गरोदरपणाआधीचं वजन कमी, तर वारही लहान. ज्या बाया दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त खात, त्यांची बाळं आकाराने मोठी भरली. पुढे 2008 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: गरोदरपणी बी-12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध सर्वाधिक होता. मेथिओनिन सिंथेज हे विकर बी-12 शिवाय चालत नाही. फोलेटचं काम तिथंच अडतं. पुण्याच्याच भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांच्या गटाने 2011 मध्ये गर्भावस्थेतल्या रक्तदाबाच्या आजारात वारेच्या डीएनएवरचं मिथिलीकरण, म्हणजे याच विकराच्या साखळीशी जोडलेली रासायनिक खूण, वाढलेलं दाखवलं.

मुंबईच्या वस्त्यांत 2006 पासून बायांना गर्भ राहण्याआधीच पालेभाजी, दूध आणि फळांचा खाऊ दिला गेला. बाळांच्या वजनात सरसकट वाढ ठामपणे दिसली नाही. पण गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधी ज्यांनी तो सुरू केला, त्यांच्या बाळांचं वजन वाढलेलं आढळलं.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीत आणि कपाशीच्या वेचणीत दिवस काढणारी सून गरोदरपणाच्या नोंदणीला येते, तोवर वारेचा पाया बहुतेक घातला गेलेला असतो. लोह-फोलिकच्या गोळ्या घ्याव्यातच, पण त्यांत बी-12 नसतं. माळकरी घरात ते दूध-दह्यातूनच मिळणार. तेव्हा सासूबाईंनो, आशाताईंनो, घरचं सगळं दूध डेअरीला घालू नका. भाकरीसोबत अंबाडी, शेवगा आणि वाटीभर दही सुनेच्या ताटात आत्ताच, दिवस जाण्याआधीच, वाढा.