मृदा पत्रिकेतून निसटलेली माती

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा आरंभ झाला. पत्रिकेवर बारा नोंदी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. जमिनीत पाणी किती वेगाने मुरते, ढेकूळ पाण्यात टिकते की विरघळते, गांडुळे आहेत की नाहीत, यांना रकाना नाही. सेंद्रिय कर्बाचा अंक तेवढा जमिनीतील जीवसृष्टीकडे दुरून निर्देश करतो.

या उणिवेचे मूळ जुने आहे. १९५५-५६ साली भारत-अमेरिका करारान्वये माती परीक्षण प्रयोगशाळा सुरू झाल्या, त्या सुपीकता आणि खतांचा वापर ठरवण्यासाठी. अन्नटंचाईच्या त्या काळात हे स्वाभाविकच होते. त्याआधी इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी ह्यूमसवर भर दिला होता. त्यांची कंपोस्टची पद्धत नावाजली गेली, दृष्टी मात्र परीक्षणात उतरली नाही.

नमुना घेण्याची रीतच पाहा. साधारण १५ सेंटिमीटरपर्यंतची माती घ्यायची, सावलीत वाळवायची, कुटायची, २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची. या संस्कारात मातीची घडण मोडते आणि तिच्यातील जीवाणूंची अवस्थाही पालटते. पंजाब-हरियाणात भाताच्या चिखलणीमुळे नांगरटीच्या थराखाली कठीण तवा बसतो व गव्हाची मुळे तेथे अडतात. तो तवा बहुधा नमुन्याच्या खोलीखालीच राहतो. अशा शेतात पत्रिका कदाचित झिंक सल्फेट सुचवील. अडचण मात्र फावड्याने एक खड्डा खणला तरी दिसते.

आक्षेप खोटे नाहीत. मातीचे श्वसन किंवा विकरांची क्रिया ओलावा, तापमान आणि हंगामानुसार बदलते. राजस्थानातील वाळूला आणि माळव्यातील काळ्या जमिनीला एकच प्रमाण लावता येणार नाही. (कार्यालयांना मात्र देशभर चालणारा एकच तक्ता हवा असतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.) तेव्हा तुलना त्याच शिवारातील न कसलेल्या बांधाशी करावी. लोखंडी कडे जमिनीत ठोकून पाणी मुरण्याचा वेळ मोजणे, कोरडे ढेकूळ पाण्यात सोडणे, पावसाळ्यात फावडाभर मातीतील गांडुळे मोजणे, ही कामे प्रशिक्षित कृषी सहायक बांधावरच करू शकेल.

आणखी एक गोष्ट. मूळ सूचनांनुसार बागायतीत अडीच आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकटीमागे एकच नमुना घेतला जाई. म्हणजे अनेक अल्पभूधारकांच्या हाती आलेला अहवाल शेजाऱ्याच्या मातीचाही असू शकतो. नवे रकाने जोडताना तपासणी ज्याच्या त्याच्या शेतात, त्याच्यासमक्ष व्हावी.