रायपूरच्या तेलीबांध्यात गच्चीवर पांढरा लॅव्हेंडर

लॅव्हेंडर फक्त जांभळाच नसतो! ‘आल्बा’ ही इंग्लिश लॅव्हेंडरची पांढरी जात आहे, तर ‘एडेलवाइस’ ही संकरित. करड्या-हिरव्या पानांवर ही पांढरी कणसं फार देखणी दिसतात.

रायपुरात त्याचे खरे शत्रू दोन : मे महिन्यातलं ऊन आणि पावसाळ्यातली दमट हवा. म्हणून तेलीबांध्यात तो जमिनीत न लावता मातीच्या कुंडीतच लावा.

🌱 लागवड : ऑक्टोबरअखेर, म्हणजे थंडीचे चार महिने मिळतात.
🌱 मिश्रण : माती, जाड वाळू आणि बारीक खडी समप्रमाणात, वर चिमूटभर चुना. काळी कन्हार माती नको, पाणी धरून ठेवते. शेणखत अगदी थोडं; खत जास्त झालं की नुसता पाला वाढतो.
🌱 पाणी : बोट खुपसून पाहा, दोन पेरं कोरडी लागली तरच घाला, तेही बुंध्याशी.
🌱 ऊन : हिवाळ्यात दिवसभर, एप्रिलपासून फक्त सकाळचं.
🌱 पावसाळा : छपराखाली, वारं खेळेल अशा जागी.
🌱 छाटणी : फुलं सरली की हिरव्या भागापर्यंतच. जुन्या लाकडाला सहसा फूट येत नाही.

बियांपासून पांढरा रंग येईलच असं नाही, त्यामुळे रोप छाटकलमाचंच घ्या. इंग्लिश लॅव्हेंडरला भरपूर फुलायला कडक थंडी लागते, म्हणून जम्मूतल्या भदरवाहच्या लॅव्हेंडर-शेतांसारखा बहर इथे अपेक्षित धरू नका. पण पान चुरगाळल्यावर येणारा सुगंध वर्षभर तुमचाच!

#पांढरालॅव्हेंडर #गच्चीवरचीबाग #रायपूर