भांग, गांजा, चरस : समज आणि वस्तुस्थिती

भांग, गांजा व चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे होत. पानांपासून भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा व राळेपासून चरस मिळतो. नशा आणणारा टीएचसी हा घटक सामान्यतः पानांत कमी, तर राळेत अधिक असतो. केंद्र शासनाच्या २०१९ मधील अहवालानुसार देशात सुमारे ३.१ कोटी व्यक्तींनी वर्षभरात यांपैकी कशाचे तरी सेवन केले होते.

‘ही तर औषधी वनस्पती’ असे समर्थन केले जाते. तीतील कॅनाबिडिऑल या नशा न आणणाऱ्या घटकाचे शुद्ध औषध अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांत उपयुक्त ठरले आहे, हे खरे. परंतु ते वैद्यकीय देखरेखीखाली मोजून दिले जाते. चिलमीतील गांजाला तो न्याय लागू होत नाही. नियमित सेवनाने स्मरणशक्ती व एकाग्रता मंदावते. किशोरवयात सुरुवात झाल्यास भास, संशय अशी लक्षणे असलेल्या तीव्र मनोविकाराचा धोका वाढतो.

बदनामीच्या व पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे उपचारांस विलंब करतात. वास्तविक, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४ अ अन्वये, अल्प प्रमाणाच्या प्रकरणात आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने पूर्ण उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवेवर विनामूल्य सल्लाही मिळतो.

व्यसन हा आजार आहे. तो लपविण्यात गेलेला काळ रुग्णाच्याच आयुष्यातून वजा होतो, याची नातेवाइकांनी कृपया नोंद घ्यावी.