मधमाशीची बेरीज-वजाबाकी

प्रवेशाच्या भोकाशी निळ्या रंगाच्या दोन आकृत्या. आत शिरलं की दोन वाटा, एकीकडे तीन आकृत्या, दुसरीकडे एक. निळा दिसला तर एक मिळवायचा, पिवळा दिसला तर एक वजा करायचा. उत्तर बरोबर आलं तर साखरेचं पाणी, चुकलं तर कडूजहर क्विनाइन. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये ही परीक्षा दिली ती 14 मधमाश्यांनी.

स्कार्लेट हॉवर्ड, एड्रियन डायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक माशीकडून शंभर वेळा सराव करून घेतला होता. मग सरावात कधीच न दिलेल्या संख्येपासून सुरुवात करून चाचणी घेतली. माश्यांची उत्तरं 63 ते 72 टक्के वेळा बरोबर आली. नुसत्या अंदाजाने 50 टक्के आली असती. आत गेल्यावर पहिल्या आकृत्या दिसेनाशा होतात, हे इथे फार महत्त्वाचं. किती होत्या ते लक्षात ठेवायचं, रंगाचा नियम आठवायचा, आणि एक मिळवून किंवा वजा करून वाट निवडायची. हे सगळं दहा लाखांहूनही कमी चेतापेशींच्या मेंदूत! आपल्या मेंदूत त्या सुमारे 86 अब्ज आहेत.

अशा दाव्यांकडे शास्त्रज्ञ संशयाने पाहतात, आणि ते योग्यच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितांची उत्तरं द्यायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही चुकतो. तो समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपत होता. मधमाश्या खरोखर संख्या पाहतात की आकृत्यांच्या कडांची एकूण लांबी, हा वादही झालाच.

म्हणूनच थेट मेंदूत डोकावणारे प्रयोग मला जास्त मोलाचे वाटतात. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात आंद्रेआस नीडर यांच्या गटाने कावळ्यांना पडद्यावरचे ठिपके ओळखायला शिकवलं आणि त्याच वेळी त्यांच्या चेतापेशींचे विद्युतसंकेत टिपले. काही पेशी नेमक्या संख्येला दाद देतात. ‘तीन’ची पेशी तीन ठिपक्यांना सर्वात जोरात, दोन किंवा चारला थोडी कमी, पाचला आणखी कमी. जवळच्या संख्यांमध्ये गफलत जास्त का होते, याचं उत्तर इथेच मिळतं. शेजारच्या संख्यांच्या पेशींचे प्रतिसाद एकमेकांवर चढतात. माकडांच्या मेंदूतही अशाच पेशी सापडल्या आहेत. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे वंश वेगळे होऊन 30 कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला. कावळ्याला आपल्यासारखा सहा थरांचं मेंदूपृष्ठ नाही, तरी उपाय तोच निघाला.

याच गटाने 2024 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. आपल्या गावकावळ्याचे युरोपातले भाऊबंद असलेल्या तीन काळ्या कावळ्यांना संकेत मिळताच एक, दोन, तीन किंवा चार वेळा ओरडायला शिकवलं. त्यांच्या पहिल्याच ‘काव’च्या आवाजावरून, पुढे एकूण किती वेळा ओरडणार, हे संशोधकांना ओळखता आलं.